खंडेनवमीला बसवलेला जोड

अहमदनगर,
१३ सप्टेंबर १९७३

प्रिय पीरू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र चुलीत घातलं नसशील, या आशेवर लिहितोय. घातलंच असशील तर बद्रुन्निसावहिनींनी ते ओढून काढावं. तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तुझी ईदची कार्डं मात्र दरसाल येतात. ती लेथवरच्या फळीवर ठेवली आहेत. तेलाचे डाग पडलेत, पण आहेत. जामखेडात तुझं सायकलचं दुकान बरं चालतं, असं एसटीचा कंडक्टर सहादेव सांगत असतो. पंक्चर काढतानासुद्धा तू एक डोळा मिटून नेम धरतोस म्हणे. इकडे सगळं ठीक. रतनचे गुडघे सोडले तर घरात कुरकुरणारं काही नाही, आणि नागापूरच्या नव्या कारखान्यांमुळे काम इतकं, की जेवायला दुपारचे तीन वाजतात.

आता मूळ बातमी. गेल्या सोमवारी क्लबात तुझ्या जागी आलेला नवा मार्कर कानिफनाथ एक स्नूकरची काठी कापडात गुंडाळून घेऊन आला. माणूस चांगला आहे, पण गुण मोजताना ओठ हलवतो. दोन तुकडे जोडणारा मधला पितळी जोड डुगडुगतोय, तो काढून नवा बसवा म्हणाला. मी कापड सोडलं. तुझी काठी होती. नगर सोडताना तू ती क्लबच्या भिंतीशी लावून गेलास, ती अजून तिथेच होती. मुठीवर तुझ्या अंगठ्याने घासून झालेला गुळगुळीत डागही तसाच.

काठी हातात आली आणि तो दसरा आठवला. मेंबरांच्या सामन्यात मार्करला खेळू द्यायचं क्लबने पहिल्यांदाच ठरवलं होतं. जन्मभर इतरांचे चेंडू मांडणारा माझा दोस्त त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून टेबलापाशी उभा होता, आणि माझीच छाती फुगली होती. भिंगारचा तो जाडा ठेकेदार घामाघूम झालेला. शेवटचा काळा चेंडू, भोकाच्या तोंडाशी. तू मारलास, काठीच्या जोडात टिक असा आवाज झाला, आणि चेंडू बाजूला घसरला. तू आधी जोडाकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. आणि कुणी काही विचारायच्या आत मी सगळ्यांदेखत बोलून गेलो, "जोड माझ्या लेथवरचा हाय. ह्याचा हात हालला." तू काठी हळूच टेबलावर ठेवलीस. मग म्हणालास, "व्हय, हातच हालला असंल." त्यानंतर मार्करला कुणी सामन्यात घेतलं नाही. दिवाळीआधी तू नगर सोडलंस.

पीरू, तो जोड लेथवरचा नव्हता. आदल्या दिवशी खंडेनवमी होती. सकाळी मी लेथ पुसून हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, सगळी हत्यारं पाटावर मांडली. पूजा झालेल्या यंत्राला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, हा आमच्या वडिलांपासूनचा नेम. दुपारी तू तडकलेल्या जोडाची काठी घेऊन धापा टाकत आलास. तुला नाही म्हणवेना, आणि लेथचा पट्टाही ओढवेना. शेवटी शेजारच्या सूर्यभान सुताराचं एक जुनं गिरमिट माझ्याकडे पडलेलं सापडलं. ते पूजेत नव्हतं, म्हणजे चालेल, अशी मी स्वतःची समजूत काढली. पितळेचा तयार जोड खणात होता, लाकडात फक्त भोक पाडायचं होतं. ते जरासंच, अर्धं सूत कलतं गेलं. राहिलेल्या फटीत विडीच्या बंडलाचा लाल कागद सरसात भिजवून कोंबला आणि जोड ठोकला. संध्याकाळी तू आलास तेव्हा वर तुला सांगितलं, की तुझ्यासाठी माळ उतरवून लेथ चालवला. तुझे डोळे भरून आले होते. ते मला अजून दिसतात.

तर गेल्या सोमवारी मी लाकडाला ओलं फडकं गुंडाळलं आणि पितळेला तापलेली सळई लावली. सरस सुटायला लागला की कसा घाण वास येतो, तुला ठाऊक आहे. तो आलाच नाही. आला तो लाखेचा, तुमच्या घरी वहिनी बांगड्यांची लाख तापवायच्या तसा. जोड उपसून बघतो तर भोक सरळ केलेलं, कलत्या बाजूला बांबूची कामटी, आणि भोवती हिरवी लाख. लाख आता उन्हाळ्यांनी तडकली होती, पण काम इतकं नेटकं की टर्नर कोण आणि मार्कर कोण, असा प्रश्न पडावा. आणि भोकाच्या तळाशी माझा लाल कागद, नीट घडी घालून ठेवलेला.

म्हणजे सामन्यानंतर तू सगळं उघडून पाहिलं होतंस. तरी नगरात कुणाजवळ चकार शब्द काढला नाहीस, आणि वर मला कार्डं पाठवत राहिलास. मला भारी लाज वाटली. रतनला सांगितलं तर म्हणाली, "लेथला हळद-कुंकू लावलं अन् दोस्ताला चुना." दोन दिवस तिने चहाही आपटूनच दिला.

काल संध्याकाळी क्लबात गेलो आणि भर खेळात, तो ठेकेदार धरून सगळ्यांपुढे, तो लाल कागद टेबलावर ठेवून झालं ते सांगितलं. हात हालला नव्हता, जोड हालला होता, आणि तो माझा होता. ठेकेदार आधी रागावला, मग पोट धरून हसला आणि म्हणाला, तो डाव पुन्हा खेळू. दसऱ्याला तुझे रोजे चालू असतील, म्हणून सामना रोजा सोडल्यावर ठेवला आहे. खजूर रतन आणणार आहे. नवा जोड लेथवरच काढलाय, खंडेनवमीला तीन आठवडे असताना. काठीचा मुठीकडचा भाग सहादेवबरोबर पाठवतोय. पुढचा भाग माझ्याकडे, फळीवर, तुझ्या कार्डांशेजारी आहे. दोन्ही जोडून टेबलावर फिरवून पाहिले, काठी सरळ आहे. पण माझ्या शब्दावर तू आता विश्वास ठेवू नकोस. तुझा अर्धा घेऊन ये आणि स्वतः फिरवून बघ.

वाट बघणारा, तुझाच
मच्छिंद्र