दुसऱ्याचा फांदा

१२ डिसेंबर १९७५, माळशिरस

पोचलो. काल सोलापूर सोडलं, आज हितं. पाय दुकतात पर मन लई खूश हाय. एका मळ्यावाल्यानं ऊस दिला, खाऊन खाऊन तोंड सोललं.

पयल्या पानावर नाव ल्हितात म्हणून ल्हितो. मी ज्ञानू, कुंभारीचा. शाळा सातवीत सुटली. गुरुजींनी उभं केलं की उत्तर यायचं, तोंडातनं भाईर मातूर पडायचं न्हाय. दिवाळीपासनं बंदेनवाजचाचांच्या सायकल दुकानात लागलोय. तितला मिस्त्री गुरप्पा, मैंदर्गीचा. जत्रंत सात-सात दिवस पाय न टेकता सायकल फिरवतो. मला तम्मा म्हणतो, त्येंच्या कानडीत धाकटा भाऊ. महाबळेश्वरापतूर सायकलीनं जायचं त्येच्याच डोक्यात आलं. ही वही बी त्येनंच दिली. म्हणला, तू बिनघंटीची सायकल हायेस, बोलत न्हाईस तर ल्ही तरी.

निगताना चाचांनी बजावलं, घाट उतरताना मागं झाडाचा फांदा बांधून वढत न्या, नुसत्या ब्रेकवर जाऊ नका. आन फांदा आपल्या हातानं तोडायचा, दुसऱ्याचा उचलायचा न्हाय. का, म्हणून गुरप्पानं इचारलं. चाचा म्हणले, बेटा, दुसऱ्याची चप्पल घालून लग्नाला जातोस का? गुरप्पा म्हणला, जातो की, चांगली असली तर.

उद्या डोंगर.

१३ डिसेंबर, संध्याकाळ, घाटाखालची वाडी

सकाळी घाट चढलो. निम्मा सायकल ढकलतच. वर चार माणसं शेकत बसली व्हती, त्येंच्याजवळ कोयता. गुरप्पानं मागून घेतला, आपला फांदा तोडला आन कोयता परत देऊन आला. मला म्हणला, तुझा तू माग, तोंड उघडाया शिक. मी दोनदा जवळ गेलो. ती माणसं माझ्याकडं बघाया लागली की माघारी फिरलो.

झाडाखाली एक फांदा पडलेला घावला. त्येला दोरी बी बांधलेली, निळ्या लुगड्याची चिंधी घालून वळलेली. तोच बांधला. गुरप्पाला म्हणलो, तोडला.

उताराला लागलो आन सायकल मागनं बसली. टायर दबलं. वळणावर गुरप्पानं मागं बघितलं आन हसला, तम्मा, डबलसीट कुणाला घेतलंस रं. मला वाटलं, चेष्टा.

खाली गोजरबाईचं चहाचं खोपाट हाय. म्हातारीनं तीन कप ठेवले. गुरप्पा म्हणला, मावशे, आमी दोघंच. ती म्हणली, आन त्यो का उतरंना सायकलीवरनं? मग तिनं दोरी बघितली. हातात घेऊन बसली.

दोरी तिनंच वळलेली. पोरगा जोतीराम, सायकलीवर दूध न्यायचा. दोरी वळणावर सायकलीपासनं सुटली, जोतीराम दरीत गेला. फांदा त्या वळणावरच राहिला व्हता. तरी आपला आपण घाटावर जाऊन पडतो, म्हणली, कुणी जोतीरामाला घरी आणंल का म्हणून. मग मी बघितलं, फांदा एका बाजूनं रस्त्याला घासून पार झिजलेला. घाट उतरून झिजलेला फांदा वर कसा असंल, हे मला तवाच कळाया पायजे व्हतं.

गोजरबाई भ्याली न्हाय. म्हणली, लेकरा, ज्यानं बसवलं त्येनंच उतर म्हणायचं, बसलेल्याच्या घरापुढं. माझं तो ऐकत न्हाय, आई हाय म्हणून. तू म्हण.

सगळे माझ्याकडं बघाया लागले. तोंड उघडलं. शब्द आला न्हाय. गुरप्पानं पाठीत धपाटा घातला. म्हातारी हात जोडाया लागली. न्हायच आला.

१४ डिसेंबर, रस्त्यावर

फांदा तिच्या दारात सोडून निगालो. तरी मागं खर्र, खर्र. वळून बघितलं तर रस्ता मोकळा.

पुढं पुन्हा उतार हाय. गुरप्पा म्हणला, तुझी सायकल मला दे, सात दिवस बसणाराला एक पाशिंजर काय जड. मी दिली, त्येची घेतली. का दिली —

१४, दुपार

मी फुडं व्हतो. मागनं त्येनं हाक मारली. तम्मा, ब्रेक लागंना, उतर म्हण की त्येला. मी वळलो. म्हण की रं, म्हणला. माझं तोंड उघडं. नुसतं उघडं.

वळणावर माझी सायकल कठड्याला उभी. मागं फांदा बांधलेला, दोरीत निळी चिंधी.

गुरप्पा न्हाय.

माणसं दरीत उतरलीत. अजून कुणी वर —

नंतर

मी गुरप्पाच्या सायकलीजवळ बसलोय. स्टँडवर उभी हाय. मागचं टायर दबलं. थोड्या येळानं आनखी दबलं.

दोघं हायेत.

आता म्हणता येतंय. माणसं गेल्यावर मोठ्यानं म्हणून बघितलं, उतर. आवाज चांगला निगतो. पर हितं कुणाचं घर हाय? जोतीरामाला गोजरबाईच्या दारात म्हणायचं. गुरप्पाला मैंदर्गीत, त्येच्या आईपुढं. तवर न्यायाच लागंल. दोघांला. चढ, मग घाट, त्येच वळण —

ब्रेक दाबून बघितला. दांडी हँडलाला टेकती.

फांदा तोडाया पायजे. माझा. कोयता कुटं —

मागनं खांद्यावर थाप पडली. तम्मा, चल की, म्हण