माझं फ्रेंच आणि मॅडमची वाघीण

३ मार्च
निर्णय पक्का. पोंभुर्ण्यात पोरांना टायपिंग शिकवण्यात माझं टॅलेंट वाया जातंय. आजपासून मी कॉम्प्युटरच्या शब्दांचा इंग्रजी-फ्रेंच अनुवादक. हर्षानं विचारलं, फ्रेंच कुठी शिकले? बायकोला करिअर कळत नाही. क्लास तिच्यावर सोडला.

५ मार्च, सकाळ
माउसला फ्रेंचमध्ये 'सुरी' म्हणतात. धारदार भाषा. एक पद्धत सापडली: शब्द ज्या इंग्रजी शब्दासारखा दिसतो, तोच त्याचा अर्थ. डिक्शनरी कॅन्सल.

९ मार्च
साळी मयुरीचा फोन. ती ताडोबाकडच्या एका रिसॉर्टवर रिसेप्शनला आहे. तिथे फ्रान्सच्या एक मॅडम आल्यात. लॅपटॉप भरला, नवीन फोटो घेत नाही, आणि स्क्रीनवर सगळं फ्रेंच. "श्रीहरीभाऊजी, तुम्हाले येते ना फ्रेंच?" येते म्हणजे काय! शर्टाला इस्त्री केली.

१० मार्च, दुपार
पहिलं काम फत्ते. आठवडाभर जंगल फिरून मॅडमना काल वाघीण दिसली, पिल्लांसकट. कॅमेरा रिकामा करून लॅपटॉपवर कसेबसे बसवलेले ते फोटो दाखवून बरंच काही बोलल्या. मी 'वी, वी', म्हणजे हो, हो, म्हणालो. मग त्या चहाला गेल्या. जागा करायला सगळे फोटो निवडून एक कळ दाबली, तर स्क्रीनवर दोन बटणं आली. एक 'अॅन्युलर', म्हणजे अॅन्युअल. वर्षाची फी कापतील, म्हणून टाळलं. दुसरं 'सुप्रिमर', म्हणजे सुप्रीम. दाबलं. मग 'विडर' दिसलं. व्हिडिओ असणार. तेही दाबलं. लॅपटॉप एकदम रिकामा, हलका. कौतुकासाठी थांबलो नाही.

११ मार्च
मयुरीचा फोन. सुप्रिमर म्हणजे डिलीट. विडर म्हणजे कचरापेटी रिकामी करणे. अॅन्युलर म्हणजे कॅन्सल. वाघीण गेली, पिल्लंही गेली. मॅडम सकाळपासून जेवल्या नाहीत. "भाऊजी, माही नोकरी खाऊन राह्यले तुम्ही."
माझं मत: एवढ्या मोठ्या देशानं शब्द जरा जबाबदारीनं बनवायला पाहिजेत.
तरी शर्टाला पुन्हा इस्त्री केली. उद्या स्वतः जाऊन फोटो परत आणतो.

१२ मार्च
गेलो. मॅडमनी मयुरीबद्दल तक्रार केली नव्हती. उलट वाघीण पुन्हा शोधायला दोन दिवस मुक्काम वाढवला होता. मी लॅपटॉपकडे हात नेला. त्यांनी तो उचलून पोटाशी धरला, फोनमध्ये फ्रेंचमध्ये काहीतरी बोलल्या आणि फोन माझ्यापुढे केला. फोन मराठीत बोलला, "दादा, आपण खूप कष्ट घेतलेत. आता कृपया लांब उभे राहा."
मागे सरकलो. त्यांनी हातानं आणखी मागे दाखवलं. असं करत गेटच्या बाहेर आलो.
गाडीवर घरी येईपर्यंत तेच वाक्य तपासत होतो. फोनच्या मराठीत एकही चूक सापडली नाही.