उदमाजर म्हणजे कसलं?

९ डिसेंबर, पेडणे
पणजीहून आमच्या सर्वेक्षणाच्या अहवालाचा मसुदा आला. चोपड्याचा नदीकाठ 'निकृष्ट'! निर्देशक प्राण्यांच्या रकान्यात पाणमांजर शून्य. पाणमांजर नाही म्हणजे मासळी नाही, खारफुटी धड नाही, म्हणजे जेटी बांधायला हरकत नाही. असं सरळ गणित. खाली किरकोळ नोंदींत मात्र उदमांजर. नदीच्या पाण्यात, झाडावर चढणारं उदमांजर! चहा निवला तसाच.

१० डिसें.
गायकवाडला फोन. मी घेतलेल्या मुलाखती तक्त्यात त्यानेच भरल्या. कोल्हापूरचा, कामाला चोख. म्हणे, "तुम्हीच उदमाजर लिवलंय मॅडम. अनुस्वार राहिला असंल म्हणून मी दिला." दिला! अरे बाबा, इथे उदक म्हणजे पाणी, आणि उदमाजर म्हणजे तुमचं पाणमांजर. "आमच्याकडं उदमांजर कौलावर चढतंय मॅडम." तेही खरंच. रागवायला माणूस सापडेना, त्याचाच जास्त राग आला.
दुपारी चोपड्याला जाऊन आले. खडकावर पाणमांजराची ताजी विष्ठा, माशांच्या खवल्यांनी भरलेली. फोटो काढले.

११ डिसें.
साहेबांना फोटो दाखवले. "सर्वेक्षण संपलं. आता नोंद वाढवली तर जेटीवाले म्हणतील, मुद्दाम मार्क दिले. पुढच्या वर्षी घाला." पुढच्या वर्षी तिथे जेटीचे खांब असतील!
एक वाट आहे म्हणाले. ज्याची मुलाखत त्यानेच १५ तारखेच्या जेटीच्या बैठकीत आपल्या शब्दाचा अर्थ सांगायचा. ती नवी नोंद नव्हे, खुलासा. आणि तो शब्द बोललेला माणूस कोण, तर आमचे मामा. झालं कल्याण.

१३ डिसें.
चोपडे. मामा अंगणात जाळं सांधत बसलेले. विषय काढला मात्र,
"तुझ्या त्या उदमाजरान माझी जाळी फाडून खाल्ली गो! आनी मी तेचो कैवार घेव?"
मामी आतून, "जेटी झाली मगे जाळी खंय घालतलास?"
मामांनी जाळं खाली ठेवलं, "आज उदमाजर आसा म्हटलां, की फाल्यां सरकार म्हणतला, हंय जाळी घालूं नको. मोरजेक कासवांसाठी किनाऱ्यार दोरी बांदून लोकांक आडयलां, तां पळयलां मी."
मामांना इकडे आड तिकडे विहीर, आणि त्यात ढकलणारी भाची. जेवून जा म्हणाले नाहीत. असं कधी झालं नव्हतं.

१४ डिसें.
मामा फोन उचलत नाहीत. येणार नाहीत बहुतेक. त्यांच्या जागी मी असते तर आले असते का?

१५ डिसें.
बैठकीला मामा आले! शेवटच्या रांगेत, इस्त्रीचा सदरा, माझ्याकडे बघायला तयार नाहीत. अधिकाऱ्यांनी विचारलं, "तुम्ही सांगितलेलं ते उदमांजर नक्की कसलं?" मामा उभे राहिले, सदरा ओढून नीट केला. आता माहीत नाही म्हणतात, मी मनाशी धरलं. मग एकदम तडकले,
"कसलां म्हणजे? पाण्यातलां! जाळी फाडता, मासे खाता. पिलां घेवन येता मेलां!"
पिलं! म्हणजे वीणसुद्धा तिथेच. मी जवळजवळ ओरडलेच. साहेबांनी मान डोलावली. जिंकलो असं वाटलं.
अधिकारी लिहिता लिहिता म्हणाले, "म्हणजे या प्राण्याचा मच्छीमारांना उपद्रव आहे." वाचून दाखवलं तेही तेवढंच. पाणमांजर कागदावर आलं एकदाचं, पण उपद्रवी प्राण्यांत. निर्देशकाच्या रकान्यात शून्य ते शून्यच. मी उठले, तर "बसा मॅडम, तुमचा मुद्दा आलाच की." निर्णय मागाहून कळवणार.
बाहेर पायरीवर मामा थांबले होते. चेहरा खुललेला.
"सांगलां गो मी. आता जेटी येवची नाय मां?"
बरोबर सांगितलंत, म्हटलं. कागदावर काय उतरलं ते सांगितलं नाही.