खरखर येते, घेऊ नये

३ मे २०२३, जवाहरनगर

दीपमालेनं आज शेवटचं सांगितलं. जुलैअखेर मी रिटायर होणार, फॅक्टरीचा क्वार्टर सोडावा लागणार, अन् भंडाऱ्यात खात रोडवरच्या आमच्या नव्या घरात दोनच खोल्या. "तिथं एक तं मी राहीन, नाही तं हे तवे."

तवे म्हणजे माझ्या जॅझच्या रेकॉर्डी! तीस-पस्तीस वर्षं जमवल्या, अन् बायको त्यांले तवे म्हणते. काहून नको, विचारलं. तं म्हणे, यांच्यात एकही माणूस धड गात नाही. गात नाहीतच. वाजवतात. लग्नापासून सांगून राहिलो.

६ मे

रुचिता नागपूरहून आली. पोरीनं सरळ आईची बाजू घेतली. माझ्या मोबाइलवर जुन्या वस्तू विकायचं अॅप टाकून दिलं. मी विसरतो म्हणून आईच्याही मोबाइलवर टाकलं, तिलेही शिकवलं. रेकॉर्डी खाटेवर मांडून फोटो काढले, एका फोटोत दीपमालेचा पाय आला. दिवसभरात एकच मेसेज — जोडवे कुठून घेतले?

७ मे

हे फक्त इथं लिहितो. लेझली परेरा क्विंटेट, म्हणजे परेराच्या पाच जणांच्या बँडची रेकॉर्ड, मी विकणार नाही.

१९८९ मध्ये ट्रेनिंगले कलकत्त्याले गेलो होतो, तेव्हा फुटपाथवर घेतली. तेव्हा माझ्याजवळ वाजवायचं यंत्रही नव्हतं. वर्षभर नुसतं कव्हर पाहत होतो. परेरा हातात ट्रम्पेट धरून हसून राहिला, समोरचा एक दात गायब. ती घरात असली की मले बरं वाटते. याच्यावर कोणाले काय समजावून सांगावं?

९ मे

युक्ती सुचली. कोणी घेतलंच नाही तं माझा काय दोष! सगळ्या जाहिराती बदलल्या.

"खरखर येते, घेऊ नये."

"कढईत मोहरी तडतडल्यासारखा आवाज."

"ड्रमवाल्याले फार घाई आहे. बहुतेक गाडी पकडायची असावी."

"कव्हरात पालीनं अंडी घातली होती. आता नाहीत."

भूपेंद्रले वाचून दाखवलं. भूपेंद्र माझ्याच सेक्शनचा, डबा सोबत खातो. म्हणे, "साहेब, हे वाचून तं कुत्रंही वास घ्यायले येत नाही." माझा जीव भांड्यात पडला.

१२ मे

चार विकल्या गेल्या.

१३ मे

आणखी दोन! लोकं लिहून राहिले — "इतका इमानदार सेलर पाहिला नाही." "बाकीचे नवीकोरी म्हणतात आणि चिरलेली पाठवतात." मोहरीवाली ज्यानं घेतली त्यानं पाच स्टार दिले. मोहरी सांगितली त्यापेक्षा कमीच निघाली म्हणे. मायला, हा धंदाच उलटा आहे.

१९ मे

एका गठ्ठ्याले बुरशी आहे असं मी जाहिरातीत लिहिलं होतं. दीपमालेनं वाचलं. "बुरशी आलेलं लोकांले देता काय जी?" मी ड्युटीवर असताना तिनं तो गठ्ठा भांड्याच्या साबणानं घासला अन् अंगणात खाटेवर, कुरोड्यांच्या बाजूले वाळत घातला. मे महिन्यात. भंडाऱ्यात.

संध्याकाळी आलो तं कुरोड्या कडक अन् रेकॉर्डी नरम. एकीचं तं चक्क पातेलं झालं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात दीपमाला रडायले लागली. "मले काय मालूम हे वितळते!" मग मीच म्हणलं, जाऊ दे, नुसते ड्रम होते त्याच्यात.

२३ मे

त्याही अॅपवर टाकल्या. "पातेलं झालं आहे. वाजत नाही. वरण वाढता येईल." बंगळुरूच्या एका हॉटेलवाल्यानं सगळी पातेली उचलली, वरून विचारते आणखी आहेत काय. दीपमाला म्हणे, "अगोदर सांगतलं असतं तं ऊन कडक होतं."

८ जून

आता माझं नाव झालं आहे. नावाले जपावं लागते. विकायच्या आधी दोन्ही बाजू पूर्ण ऐकतो अन् एकूण एक खराबी लिहितो. दीपमाला तांदूळ निवडत बाजूले बसते. तिचा कान फार तिखट. "थांबा जी, आत्ता कोणीतरी खोकललं." पुन्हा लावून पाहिलं — खरंच खोकललं! मी इतकी वर्षं ऐकून राहिलो, मले कधी समजलं नव्हतं. जाहिरातीत लिहिलं. त्या खोकल्यासाठी दोन गिऱ्हाइकं भांडले.

२१ जून

आज ऐकायचं काही शिल्लक नव्हतं. तरी दीपमाला सुपात तांदूळ घेऊन येऊन बसली. "लावा न काहीतरी." मी परेरा लावली. तिनं पूर्ण ऐकली. मधात तांदूळ निवडायचेही विसरली. शेवटी म्हणे, "हा बिनदाताचा बरा वाजवते."

मी संधी साधली. नव्या घरात एक कोपरा…

"नाही म्हणलं न एकदा."

बोललेला शब्द मागं घ्यायची पद्धत त्यांच्या घराण्यात नाही. तिच्या बापातही नव्हती.

२ जुलै

सगळ्या गेल्या. परेरा तेवढी राहिली. दीपमाला म्हणे, "ही काहून नाही टाकली?" टाकली. तिच्यासमोरच टाकावी लागली. लिहिलं — "डोकं दुखते. सुई अडकते. वाजवणाऱ्याले दात नाही अन् सूरही नाही. विकणाऱ्यालेही आवडत नाही." किंमत चौपट लावली.

बाकीच्यांबद्दल लिहिलं ते निदान अर्धं तं खरं होतं. हे पूर्ण खोटं. फार वाईट वाटलं.

५ जुलै

कोणी "म्युझिक लव्हर ४१" मागं लागला आहे. इतकी खराब आहे तर किंमत इतकी कशी? इमानदार सेलरकडून ही अपेक्षा नव्हती! पुण्याचा असावा. जाहीर प्रश्न केला, सगळ्यांले दिसते. इज्जतीचा सवाल झाला, किंमत उतरवली. पुन्हा उतरवायले लावली.

७ जुलै

घेतली त्यानं. पैसे भरले.

ऑर्डर रद्द केली तं माझे पाच स्टार जातात. भूपेंद्र म्हणे, "मंग जाऊ द्या न साहेब." त्याले काय जाते बोलायले? साठ वर्षांत मले कोणी पाच स्टार दिले नव्हते. फॅक्टरीनंही नाही.

जेवण गेलं नाही. परेरा कव्हरावर हसून राहिला.

८ जुलै

ठरलं. रद्द करतो. स्टार गेले खड्ड्यात. दीपमालेले काय सांगायचं ते पाहू. रेकॉर्ड भूपेंद्राकडे ठेवीन, तिथं जाऊन ऐकीन.

९ जुलै

रद्द करायले ऑर्डर उघडली. खाली म्युझिक लव्हरचं खरं नाव अन् पत्ता होता. दीपमाला अश्वजित गजभिये, खात रोड, भंडारा. नवं घर.

मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ती भेंडी चिरून राहिली होती. तिनं वर पाहिलं नाही.

"इतकी खराब लिहिली, म्हणून स्वस्तात पडली," म्हणे. "पॅकिंग बरोबर करा जी. नाही तं एकच स्टार देईन."