खिडकीतून दिसलेला पाय

मॉरिसव्हिल, ३ मार्च २०२५

चि. शैलजास अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलले की अनीश ऐकतो, म्हणून कागद.

तीन महिने उजवा पाय ओढते आहे. एमआरआय स्वच्छ. अनीश म्हणतो, रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुला काही झालेलं नाही. नागपूरचं तिकीट काढ म्हटलं की तोच विचारतो, असा पाय घेऊन जाणार कशी? म्हणजे उपचारांपुरती मी ठणठणीत आणि प्रवासापुरती आजारी! गाडी चालवता येत नाही. सोफा ते बाथरूम एवढीच माझी अमेरिका.

त्यात तू! नववीत स्पोर्ट्सच्या आधी ताईने लंगडण्याचं नाटक केलं होतं, हे माझ्या मुलाला, अनीशला, हसत हसत सांगायची काय गरज होती? परवा दूध उतू चाललं तेव्हा मी चार पावलं नीट टाकली म्हणे. सूनबाईंनी, आसावरीने, लगेच नवऱ्याला डोळ्यांनी खुणावलं.

सात एप्रिलला नवी न्यूरॉलॉजिस्ट आहे. तिनेही नाटकच ठरवलं, तर संपलं. लोभ ठेव, पण तोंडाला कुलूप घाल.

तुझी रेणूताई

नागपूर, २० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. गंमत म्हणून बोलून गेले, चुकलं. पण ताई, ते खोटं तरी कुठे होतं? शाळेतल्या सिस्टर बर्नाडेटने मला वर्गाच्या खिडकीशी पाळतीवर उभं केलं होतं. तू मैदानाच्या कडेला एकटी होतीस, अंगावर चेंडू आला आणि तू धावलीस. मीच जाऊन सांगितलं. कबूल करेपर्यंत तुला सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसवलं, आणि तू कबूल केलंस.

डॉक्टरीणबाईंशी भांडू नकोस. तुझा पाय अडला तरी जीभ धावतेच आहे! माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी शैलजा

मॉरिसव्हिल, ९ एप्रिल

चि. शैलजास आशीर्वाद.

डॉक्टर अदिती इथेच वाढलेली, मराठी तोडकंमोडकं. मला झोपवून उजव्या टाचेखाली हात ठेवला आणि दाबायला सांगितलं. जोर शून्य. मग डावा पाय उचलायला लावून तो वरून रोखून धरला, तर उजवी टाच आपोआप तिच्या हातात रुतली! मला वाटलं, पकडली गेले. मी चिडून म्हटलं, सांगा आता माझ्या मुलाला, आई नाटकी आहे म्हणून.

तिने अनीशलाच टाचेखाली हात ठेवायला लावला. म्हणाली, लक्ष दुसरीकडे गेलं की पाय काम करतो, ही सोंगाची नाही, या आजाराचीच खूण आहे. फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर. नस शाबूत आहे, पण मेंदूचा हुकूम वाटेत अडतो. व्यायाम करून घेतील. किती सुधारेल, ते तिलाही सांगता आलं नाही. तिकीट अजून नाहीच. पण अनीश बराच वेळ टाचेखालचा हात काढेना.

मग तिने विचारलं, असं पूर्वी कधी झालं होतं का? मी हो म्हटलं. नववीत, तीन आठवडे.

शैलजा, तू खिडकीतून पाहिलंस ते खरं होतं. मी कबूल केलं ते खोटं होतं. गुडघे सोलवटले होते, आणि कबूल केल्याशिवाय उठू देत नव्हते.

पत्र धाडत राहा.

तुझी रेणूताई