शेठले केलेला फोन

मोना,

फोन उचलत नाई तू, म्हणून लिहून राहिली. गोड लिहिता येत नाई मले.

अकोल्याच्या कापड दुकानात तू नोकरीले लागली अन् मी इकडून चांदूर रेल्वेवरून तुह्या शेठले फोन केला, "पोरगी लहान आहे जी, तिले दिवसभर उभी नका ठेवू." शाळेतल्या बाईले सांगत होती ना मी, तसंच वाटलं. शेठनं ते सगळ्यायसमोर सांगतलं. मंग दुकानातल्या पोरी तुले चिडवाले लागल्या, "मोना, चहा घेतं का? आधी मायले इचार!"

दिवाळीले आली तं जेवल्यावर आपलं ताट तू आपणच घासाले घेतलं. मी म्हटलं, "ठेव ना." तू म्हणली, "राहू दे. नाईतं शेठले फोन करशीन, पोरीचे हात दुखते म्हणून."



चुकलंच माहं. तू मोठी झाली हे सगळ्यायले दिसलं, मीच पाहाले तयार नोती.

आता हे पत्र टाकू कुठं? खोली बदलली तू. नवा पत्ता शेठलेच माहीत आहे, अन् त्याले मी फोन करणार नाई.

तुहीच,
माय