रकाना सात

१ एप्रिल १९८६, मंगळवार. उदगीर

आले बाई एकदाची! नांदेडहून एस.टी.त अख्खा दिवस गेला. मांडीवर मिनू, पायाशी स्टोव्ह, आणि शेजारचे एक आजोबा अहमदपूरपासून माझ्या खांद्यावर डोकं टेकून घोरत होते. कंबर मोडली, पण मन खुशीत आहे. एकतिसाव्या वर्षी पहिली नोकरी! हे नांदेडलाच राहणार, त्यांचं रेल्वेचं ऑफिस कुठं सुटतंय. माझ्या पदाचं नाव ऐकून ह्यांनी दोनदा विचारलं, म्हणजे नक्की काय करायचं? संकेतांक कारकून.

सोपं आहे. इथं बालमार्गदर्शन केंद्र आहे. मारकुटी, चिडकी, शाळेतून पळणारी, रडकी पोरं आईबाप इथं आणतात. डॉक्टर केसपेपरवर आजाराचं वर्णन लिहितात. मी जाडजूड पुस्तकातून त्या आजाराचा आकडा शोधायचा आणि रजिस्टरात मांडायचा. झालं!

खोली बसम्माच्या घरात मिळाली. ती केंद्रातच आया आहे. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, बोलणं निम्मं कानडी. मिनूला बघून तिने आधी गाल ओढले आणि मग वाटीभर शेंगदाण्याची चटणी पुढे केली. मिनू सात वर्षांची, पण मुंगी दिसली तरी माझ्या पदराआड जाते. बसम्माच्या मांडीवर मात्र पाच मिनिटांत जाऊन बसली. लबाड!

३ एप्रिल, गुरुवार

डॉक्टर आप्पासाहेब भला माणूस आहे, पण अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. रजिस्टर बघून मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाव, वय, गाव, सगळं भरलेलं, आणि रकाना सात, म्हणजे आकड्याचा, तीन वर्षं कोरा! माझ्या आधी पंढरी नावाचे कारकून होते, ते आता निवृत्त झालेत. शिपाई मलप्पा म्हणाला की पंढरीसाहेब हा रकाना मुद्दाम सोडायचे. पोरगं वाढतं, सुधरतं, पण लिहिलेला आकडा तिथंच ऱ्हातोय, असं सांगायचे म्हणे. कामचुकारपणाला काय एकेक कारणं!

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली. इथले म्हातारे अजून उस्मानाबादच म्हणतात, पण नव्या जिल्ह्याला नवे तक्ते लागतात, आणि ते भरलेलेच लागतात. आमचे तक्ते दोनदा परत आलेत. ह्या वेळी येणार नाहीत परत. मी आहे ना.

७ एप्रिल, सोमवार

पाण्याने नाकी नऊ आणलेत. विहिरी आटल्या, नळाला फक्त वारा येतो. केंद्राला मात्र दर शनिवारी टँकर येतो, आणि रजिस्टरात नाव असलेल्या प्रत्येक मुलामागे घरी दोन घागरी मिळतात. त्यामुळे गावोगावची पोरं इथं आणली जाताहेत. कुणी नखं खातं म्हणून, कुणी झोपेत बोलतं म्हणून. डॉक्टर जाणून आहेत, पण कुणाला परत पाठवत नाहीत. बसम्मा म्हणाली, तू पण मिनूचं नाव घाल की वो, इथल्या सगळ्यांनी आपापली पोरं घातली हायती. घातलं. चव्वेचाळिसावं नाव. दोन घागरींसाठी काय कुणाचं बिघडतंय!

आणि रकाना सात भरला. खरं सांगायचं तर थोडी चलाखी केली. प्रत्येक आकड्याला वेगळा तक्ता, त्याच्या चार प्रती, आणि कार्बन पेपर संपलेले. रडक्या मुलांचा आकडा ३१३.१, एकट्याने मारामारी करणाऱ्यांचा ३१२.०, टोळीने करणाऱ्यांचा ३१२.१. पहिलं नाव शिवलिंगचं, दहा वर्षांचा. ह्याने साथीदार जमवून डाळमिलच्या काचा फोडल्या होत्या. त्याला ३१२.१ लावला. पुढे खाली सरळ कित्ता, म्हणजे वरचंच, कित्ता, कित्ता, मिनूपर्यंत. नांदेडला आमच्या सासऱ्यांच्या कचेरीतही असंच चालायचं. एका तक्त्यात काम झालं आणि चारला घरी! डॉक्टरांनी न बघता सही केली.

९ एप्रिल, बुधवार

आज विचित्रच झालं. ओसरीवर एरवी पोरांचा असा गलका असतो की कान किटतात. आज बाराजण आले, आणि एकाच्या तोंडून चकार शब्द नाही. सगळे एका ओळीत, सगळ्यांचे हात मांडीवर. वेगवेगळ्या गावांची पोरं ही, एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत.

त्यात पंचशीला होती. आठ वर्षांची, बाप गेल्यापासून नुसती मुसमुसते. मलप्पाने कौतुकाने तिच्यापुढे लिमलेटची गोळी धरली. तिने फुटकी पाटी दोन्ही हातांनी उचलली आणि त्याच्या बोटांवर आणली. दोन बोटं लोंबायला लागली. अगं बाई, ते रक्त! आणि तो ओरडत असताना उरलेली अकरा पोरं एकदम उभी राहिली. पळायला नाही. आपली पाळी येईल म्हणून उभी राहावीत तशी.

डॉक्टर म्हणाले, उन्हाचा तडाखा आहे. मी मान डोलावली.

१२ एप्रिल, शनिवार

टँकरचा ड्रायव्हर मेला. भर दुपारी दोन वाजता, केंद्राच्या फाटकात. पोलीस म्हणतात पाण्यावरून दंगल झाली. कसली दंगल! मी खिडकीतून बघितलं. घागरी घेऊन आलेल्या बायका भिंतीला चिकटून होत्या. दगड पोरांच्या हातात होते. तीसेक पोरं असतील, चारही बाजूंनी, आरडाओरडा नाही, घाई नाही. एकाने मारला की दुसऱ्याने. तो पडल्यावर जवळ गेली आणि वरून मारत राहिली. त्याचा चेहरा उरला नाही. पाणी रस्त्यावरून वाहून गेलं आणि एकानेही ओंजळ लावली नाही.

मिनूला बसम्माकडे झोपवून गेले होते. घरी आले तर फ्रॉकवर डाग. म्हणाली, रंग आहे.

रंग नव्हता.

१३ एप्रिल, रविवार

पेलाभर पाण्यात फ्रॉक धुतला. मिनू टक लावून बघत होती.

पोलिसांनी ज्यांची नावं टिपली होती ती मलप्पाकडून मागवली. रजिस्टर घेऊन बसले. एकूण एक माझ्या पानावरची. रजिस्टरात नसलेलं एक पोरगं त्यात नाही. आणि पुस्तकात ३१२.१ खाली जे छापलंय तेच ही करताहेत. टोळीशी निष्ठा. टोळीसाठी चोरी, टोळीसाठी मारहाण. डॉक्टरांच्या घरी गेले, सगळं सांगितलं. ते हसले. आधी आजार असतो, मग आकडा लागतो बाई, उलटं नसतं, म्हणाले. चहा घेऊन जा म्हणाले. कपाळ माझं!

१४ एप्रिल, सोमवार

करून बघायचं ठरवलं. आधी मिनूवर नको. पंचशीलाचं कित्ता लाल शाईने खोडलं, पुढे ३१३.१ लिहिलं. तिचा खरा आकडा. सही केली.

तासाभरात पोरगी धावत आली, माझ्या कमरेला मिठी मारली आणि हमसून हमसून रडली. मलप्पाचा हात धरून रडली. काय बरं वाटलं सांगू! सुटली पोर. एक रात्र टिकतंय का बघते, उद्या सकाळी पहिलं काम, मिनूचं नाव.

१५ एप्रिल, मंगळवार

पंचशीला कोरड्या विहिरीत सापडली. सकाळी दहाला. विहिरीत दगड इतके की आधी फक्त वेणीच दिसली.

मिनू कुठं होती? बसम्माला विचारलं तर तिने दार लावून घेतलं. आतून म्हणाली, तुझी पोर माझ्या घरात नको, तू पण जा.

मिनूच्या नखांत माती. विचारलं, का गं, का मारलंत तिला? तर म्हणाली, ती आमच्यातली राहिली नाही ना. आई, तू कशी विचारतेस.

खोडलं की मारतात. मिनूला खोडलं तर — नाही. नाही नाही. मीच लिहिलं हे. माझ्या हाताने, चार वाजता घरी जायचं म्हणून.

१६ एप्रिल, बुधवार

मिनूला घेऊन नांदेडची एस.टी. धरली. गावाबाहेर रस्त्यावर ती पोरं उभी. पंधरा-वीस. ड्रायव्हरने हॉर्न दिला, एकही हललं नाही. मिनूने माझ्या तळहाताचा लचका तोडला, दातांत मांस घेऊन खिडकीबाहेर बघत होती. काचा फुटल्या. कंडक्टरचा डोळा गेला. गाडी मागे फिरली तेव्हा पोरं बाजूला झाली, शहाण्यासारखी.

डाव्या हाताला फडकं बांधलंय. उजवा शाबूत आहे म्हणून लिहिते आहे.

१७ एप्रिल, गुरुवार

सगळेच आकडे बदलावेत? एका वेळी एकच लिहिता येतो. पहिल्याला सोडवलं की उरलेले बेचाळीस त्याच्यावर. मग दुसऱ्यावर. कुणाच्या लेकराला आधी द्यायचं? पान जाळावं तर मिनूचं काय होईल, कुणाला ठाऊक. मिनू त्या पानावरच आहे.

डॉक्टरांना मारलं. ओसरीवर. शिवलिंग त्यांच्या छातीवर बसला होता. चष्मा डोळ्यांत — मलप्पा पळाला. पळाला ते बरं.

१८ एप्रिल, शुक्रवार

दाराच्या फटीतून ह्यांची तार आली. उद्या दुपारच्या गाडीने येतो. येऊ नका म्हणून तार करायची तर पोस्टापर्यंत जाणार कशी? केंद्रातच कोंडून घेतलंय, मी आणि रजिस्टर. मिनू बाहेर, त्यांच्यात. पाणी नाही. जीभ टाळूला —

मिनू, बाळा, आईचं चुकलं गं.

१९ एप्रिल, शनिवार. सकाळ

दार तोडलं. सगळी आत. भिंतीला पाठ लावून बसले आहे, रजिस्टर मांडीवर. दगड मारत नाहीत अजून. मिनूला पुढे केलंय. पहिला तिने मारायचा.

ती मारत नाहीये. हात वर आहे आणि मारत नाहीये. खालचा ओठ काढलाय, मुंगी बघून काढायची तसा. माझी पोर आहे अजून आत. आहे!

शिवलिंग माझ्याकडे बघत नाहीये आता. मिनूकडे बघतोय. सगळीच तिच्याकडे — हात वळले तिच्याकडे — टोळीचं ऐकलं नाही म्हणून —

पेन आहे. पंचेचाळीस. विमल. वय ३१. उदगीर. रकाना सात — कित्ता

दुपार

दगड खाली आले. मिनूला कुणी हात लावला नाही. माझ्या मांडीत बसली आहे. जिवंत आहे, गरम आहे, केसांना उन्हाचा वास आहे. काय भीत होते मी, वेडी कुठली. हाताचं दुखणंही थांबलं.

तहान नाही. आम्हाला कुणालाच नाही.

फाटकाशी बसलो आहोत, एका ओळीत. मिनूने माझ्यासाठी दगड निवडून ठेवलाय, बरोबर मुठीत बसणारा.

गाडी आली. रेणुकादास उतरले. ह्यांचं नाव घेते आहे मी, पण तो रजिस्टरात नाही. पिशवीत कलिंगड आहे. हात हलवतोय, मिनूला हाका मारतोय. धावतच येतोय.

पहिला मिनूचा. लागला. गुडघ्यावर बसला तो, माझ्याकडे बघतोय, विमल म्हणतोय, विमल, अगं मी —

आता माझी पा